खिशातली महागडी दुर्बीण सोलापूरच्या माळावर किती कामाची?

दोन दुर्बिणी शेजारी ठेवा. दोन्ही ८×२५, दोन्ही तीनशे ग्रॅमच्या आसपास, दोन्ही मिटल्या की जॅकेटच्या खिशात जाणाऱ्या. एक निकॉन स्पोर्टस्टार ईएक्स, दहा हजारांच्या आतबाहेरची. दुसरी झाइस व्हिक्टरी पॉकेट, पाऊण लाखाच्या घरातली. भर दुपारी तलावाच्या काठावरून सिद्धेश्वराच्या कळसाकडे दोन्हींतून आळीपाळीने पाहिलं, तर दहातले आठ जण म्हणतील की फरक आहे, पण एवढ्या पैशांचा नाही. त्यांचं चुकत नाही. ऊन पाठीवर असताना, चित्राच्या मधोमध, स्थिर वस्तूकडे पाहिलं की साधी दुर्बीणही पुष्कळ दाखवते. जास्तीच्या पैशांचा हिशेब इतर ठिकाणी लागतो: उन्हाकडे तोंड करून पाहताना, चित्राच्या कडेला, चष्म्याआडून, संध्याकाळी सहाला आणि पाच वर्षं धुळीत वापरल्यावर.

आधी दुर्बिणीवरचे आकडे समजून घेऊ, कारण निम्मी फसगत तिथेच होते. ८ म्हणजे आठपट मोठं दिसणार, २५ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. २५ला ८ने भागलं की ३.१ येतात. दुर्बिणीतून डोळ्यात शिरणारी उजेडाची चकती ३.१ मिमीची असते. दुपारच्या उन्हात आपली बाहुली आकसून दोन ते तीन मिमी होते, म्हणजे तेव्हा ही चकती पुरून उरते. ८×४२ची चकती ५.२५ मिमीची, पण दुपारी त्यातला वरचा उजेड बुबुळावर पडून वाया जातो. तिन्हीसांजेला बाहुली पाच-सहा मिमी उघडते आणि मग ३.१ची चकती अपुरी पडते. पुढच्या भिंगाच्या क्षेत्रफळाचा हिशेब केला तर ४२ मिमीचं भिंग २५ मिमीच्या २.८पट उजेड गोळा करतं. ही तूट महागड्या कंपन्यांपैकी झाइस भरून काढत नाही, स्वारोव्स्की नाही आणि लायकाही नाही. उत्तम काच हातात आलेला उजेड वाया जाऊ देत नाही, एवढंच तिचं काम. वयाचाही इथे संबंध येतो. साठीच्या पुढे बाहुली अंधारातही चार-पाच मिमीच्या पुढे फारशी उघडत नाही, त्यामुळे निवृत्तीनंतर पक्षी बघायला लागलेल्यांना मोठ्या भिंगाचा फायदा तरुणांपेक्षा कमी होतो.

मग पैसे जातात कुठे? पहिली गोष्ट कोटिंग, म्हणजे भिंगावर चढवलेले पातळ थर. नुसत्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के उजेड परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तर शेवटी डोळ्यापर्यंत ६६ टक्केच पोचतो. चांगल्या बहुस्तरीय कोटिंगने ही गळती दर पृष्ठभागाला अर्ध्या टक्क्यावर आणली, तर ९५ टक्के पोचतो. परत फिरलेला उजेड गायब होत नाही, तो नळीत इकडेतिकडे आपटत राहतो आणि चित्रावर दुधट पडदा धरतो. हिप्परगा तलावावर सकाळी पूर्वेकडे तोंड करून बदकं पाहताना हा पडदा सगळ्यात जास्त जाणवतो. पाणी चकाकत असतं, बदक नुसती काळी आकृती होऊन बसतं. कोटिंग चांगलं असेल तर त्याच काळ्या आकृतीत चोचीचा आकार, पंखावरची पांढरी पट्टी, मानेचा रंग हळूहळू सुटा होतो.

दुसरी गोष्ट प्रिझम. सरळ नळीच्या दुर्बिणीत छपरासारखं, म्हणजे रूफ प्रिझम असतं. ते उजेडाचे दोन भाग करतं आणि पुन्हा जोडतं. जोडताना दोन्ही भागांच्या लहरी जुळत नाहीत आणि चित्र किंचित बोथट होतं. यावरचा फेज कोटिंगचा उपाय झाइसने १९८८ साली आणला. आता मध्यम किमतीच्या दुर्बिणींतही तो मिळतो, दहा हजारांच्या खालच्यांत बहुधा नसतो. माहितीपत्रकात फेज कोटिंगचा उल्लेख नसेल तर ते नाही असं समजून चालावं. याच प्रिझमची एक बाजू आरशासारखी करावी लागते. ॲल्युमिनियमचा मुलामा नव्वद टक्क्यांच्या आसपास उजेड परतवतो, चांदीचा पंचाण्णवच्या पुढे, डायइलेक्ट्रिक थरांचा नव्याण्णवपर्यंत. एकेकटा पाहिला तर यातला कुठलाच फरक डोळ्यांत भरत नाही. सगळे मिळून भरतात.

तिसरी गोष्ट ईडी काच, म्हणजे उजेडातले रंग कमी फाकवणारी खास काच. निरभ्र आकाशासमोर विजेच्या तारेवर कोतवाल बसलेला असतो, काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा. साध्या काचेतून पाहिलं की त्याच्या पाठीच्या कडेला जांभळी आणि पोटाच्या कडेला हिरवट किनार दिसते. कोतवाल काही कुणी चुकत नाही, त्यामुळे तिथे किनार असली काय नि नसली काय. पण माळावर उंच तरंगणाऱ्या शिकारी पक्ष्याची ओळख पंखाखालच्या छटांवर ठरते. तो सापमार गरुड की दुसरा कुणी हे ठरवताना जांभळी किनार त्या छटांवरच येऊन बसते. ईडी काच ही किनार पुष्कळ कमी करते, पूर्ण घालवत नाही. व्हिक्टरी पॉकेटमध्येही अगदी कडेला थोडी शिल्लक राहतेच.

आता कागदावरच्या आकड्यांची गंमत बघा. हजार मीटरवर स्पोर्टस्टारमधून १४३ मीटर रुंदीचा देखावा दिसतो, व्हिक्टरी पॉकेटमधून १३० मीटरचा आणि स्वारोव्स्की सीएल पॉकेटमधून ११९ मीटरचा. म्हणजे स्वस्त दुर्बीण जास्त दाखवते! दाखवते खरी, पण तिचा बाहेरचा पट्टा मऊ, पुसट असतो. पळणारा धाविक चित्राच्या कडेला गेला की डोळ्यांची पांढरी-काळी पट्टी विरघळते आणि दुर्बीण पुन्हा त्याच्यावर आणावी लागते. महागड्या दुर्बिणीत कडेजवळचा पक्षीही ओळखता येतो. शिवाय स्पोर्टस्टारमध्ये डोळा भिंगापासून १० मिमीवर असला तरच पूर्ण चित्र दिसतं. चष्मा लावणाऱ्याचा डोळा तेवढा जवळ जाऊच शकत नाही. त्याला १४३ मीटरऐवजी नळकांड्यातून पाहिल्यासारखं गोल भोक दिसतं. व्हिक्टरी पॉकेटमध्ये हे अंतर १६.५ मिमी आहे, सीएल पॉकेटमध्ये १७. चष्मेवाल्याने १५च्या खालची दुर्बीण घेऊच नये, किंमत कितीही मोहात पाडणारी असो. आणि ज्याला जाड चष्मा आहे, दूरचा नंबर मोठा आहे, त्याच्यासाठी महाग कॉम्पॅक्टचा, म्हणजे खिशातल्या लहान दुर्बिणीचा, सगळ्यात मोठा फायदा बहुधा हाच ठरेल.

नान्नजकडे वळू. बार्शी रस्त्यावरचं हे माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. माळढोक आता तिथे दिसणं फार दुर्मीळ झालं आहे, पण काळवीट, लांडगा, पखुर्डी, चंडोल, धाविक आणि हिवाळ्यात येणारे भोवत्या पक्षी यांच्यासाठी हा माळ अजूनही भरलेला आहे. दुर्बिणीची खरी परीक्षा डिसेंबरातल्या संध्याकाळी होते. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि भोवत्या गवतात रात्र काढायला त्याच वेळी येतात. कुसळीवरून हात-दोन हात उंचीने सरकत येणारा नर मिळाला तर काम सोपं. माँटेग्यूच्या भोवत्याच्या पंखावर मधोमध काळी आडवी पट्टी असते. पांढुरक्या भोवत्याला ती नसते, तो एकूणच फिका आणि पंखाच्या टोकाला काळी पाचर मारल्यासारखा. सूर्य बुडण्याआधी अर्धा तास हा फरक चांगल्या ८×२५मधून स्वच्छ दिसतो, साध्यातून पट्टी असल्याचा भास होतो. सूर्य बुडताना महागडीतून पट्टी अजून दिसते, स्वस्तातून नाही. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही खिशातल्या दुर्बिणी हात टेकतात आणि वीस-तीस हजारांची बरी ८×४२ तेव्हाही माद्यांच्या गालामागची फिकट पट्टी शोधून देते. ज्यांचं बघणं मुख्यतः याच वेळचं आहे, पहाटेचा लांडगा आणि सांजेचे भोवत्या, त्यांनी खिशातल्या दुर्बिणीवर पाऊण लाख घालू नयेत. तेवढ्यात मध्यम किमतीची उत्तम ८×४२ येते आणि बरीच रक्कम हाती उरते.

मे महिन्यातली गोष्ट निराळीच. काळी माती आणि मुरूम तापला की जमिनीलगतची हवा उकळू लागते. साडेनऊ-दहानंतर चारशे मीटरवरचं काळवीट पाण्यात उभं असल्यासारखं हलतं, शिंगांचे पीळ एकमेकांत मिसळतात. फोकसचं चाक कितीही फिरवा, एक क्षण जुळतं आणि पुन्हा सुटतं. नवी महाग दुर्बीण घेऊन पहिल्यांदा उन्हाळ्यात गेलेल्याला वाटतं की वस्तू सदोष निघाली. दोष हवेचा असतो, दुर्बिणीचा नव्हे. कुठलीही काच, कुठलीही किंमत यावर चालत नाही, उलट दहापट मोठं करणाऱ्या दुर्बिणीत ही थरथर जास्त दिसते. उपाय साधे: सकाळी लवकर जा, शंभर-दीडशे मीटरच्या आतलं बघा, जमिनीऐवजी हिवराच्या शेंड्याकडे बघा, ढगाळ दिवस असेल तर सोडू नका. १०×२५ घेण्याचा विचार आमच्या मते तर सोडूनच द्यावा. चकती २.५ मिमीची होते, हात हललेला दिसतो आणि वर ही उकळती हवा.

हलकेपणाचीही एक किंमत असते. तीनशे ग्रॅमची वस्तू हातात स्थिर राहत नाही, सातशे ग्रॅमची आपल्या वजनानेच बसते. लहान दुर्बीण धरताना दोन्ही अंगठे गालाच्या हाडाला टेकवा, कोपरं छातीला लावा, डोक्यावर टोपी असेल तर दोन बोटं तिच्या झापेवर अडकवा. डोळा चकतीच्या बरोबर मध्यावर नसला तर चित्राच्या कडेने काळ्या चंद्रकोरी फिरतात. व्हिक्टरी पॉकेट आणि सीएल पॉकेट दोन्हींत नेत्रिका, म्हणजे डोळ्याकडची भिंगं, मोठ्या असल्यामुळे हा त्रास कमी होतो. २० मिमीच्या लायका अल्ट्राविड ८×२० मध्ये चकती २.५ मिमीचीच आहे, त्यामुळे तिथे सवय लागेपर्यंत वेळ जातो. लायकाची गंमत तिच्या आकारात आहे. पाव किलोहून कमी, मूठभर. पण माळावर रोज वापरायला आम्ही ती सुचवणार नाही.

बिजागरीबद्दल फारसं कुणी बोलत नाही आणि रोजच्या वापरात सगळ्यात जास्त चिडचिड तिचीच होते. स्पोर्टस्टार, सीएल पॉकेट, लायका या दुहेरी बिजागरीच्या. खिशातून काढली की दोन्ही बाजू उघडून डोळ्यांमधलं अंतर दर वेळी नव्याने जुळवावं लागतं. तेवढ्यात पखुर्ड्यांचा थवा डोक्यावरून निघून गेलेला असतो. महागड्यांत बिजागरी घट्ट आणि एकसारखी फिरते, लावली तिथे राहते. स्वस्तात वर्षभरात सैल होते आणि दुर्बीण हातातच मिटायला लागते. दोन्ही बिजागऱ्यांवर आपल्या अंतराच्या जागी पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका दिला तर निम्मा वेळ वाचतो. व्हिक्टरी पॉकेटमध्ये एकच बिजागरी आहे, तीही एका बाजूला सरकवलेली. मिटवल्यावर एक नळी दुसरीच्या पोटात शिरल्यासारखी बसते आणि उघडताना एकच हालचाल पुरते. यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत असं आम्ही मनापासून म्हणू.

दुर्बीण कुठलीही घ्या, दुकानात किंवा पार्सल फोडल्यावर लगेच तीन तपासण्या करा. पहिली, दुर्बीण हातभर लांब आकाशाकडे धरा आणि डोळ्याकडच्या भिंगात दिसणारी उजेडाची चकती बघा. ती पूर्ण गोल, सगळीकडे सारखी उजळ हवी. चौकोनी कापलेली किंवा कडेला करडी दिसली तर आतलं प्रिझम हलकं किंवा लहान आहे. दुसरी, दूरच्या गच्चीची आडवी कड किंवा विजेची तार फोकस करा आणि तीवरची नजर न हलवता दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दहा-पंधरा सेंटिमीटर लांब न्या. दोन वर्तुळं सुटी दिसू लागतील. त्यांतली तार दोन्हीकडे एकाच पातळीत हवी. खालीवर दिसली तर दोन नळ्या समांतर नाहीत. अशी दुर्बीण दहा मिनिटांत डोकं दुखवते, कारण डोळे आपल्या स्नायूंनी तो फरक भरत राहतात. तिला परत करणं हाच मार्ग. स्वस्त दुर्बीण एकदा टेबलावरून पडली की बहुधा हेच होतं. तिसरी, पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. हिरवट-जांभळट, मंद असेल तर कोटिंग आहे. पांढरं लख्ख असेल तर नाही. भिंग माणकासारखं लालभडक चमकत असेल तर ती वस्तू तिथेच ठेवा. गड्ड्याच्या यात्रेत मुलांसाठी मिळणाऱ्या दुर्बिणींची गोष्ट वेगळी, त्या खेळणी म्हणूनच घ्यायच्या. पण तसलीच वस्तू ऑनलाइन मोठ्या झूमचा आकडा छापून हजार-दोन हजारांना विकली जाते, तिथे सावध राहा.

डायॉप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवणारी सोय, एकदाच नीट लावायचा. उजवी बाजू हाताने झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर दूरची पाटी स्पष्ट करा. मग डावी बाजू झाकून, मधलं चाक न हलवता, डायॉप्टरची कडी फिरवून उजव्या डोळ्याला तीच पाटी स्पष्ट करा. काही दुर्बिणींत ही कडी डावीकडे असते, तिथे उलट करा. हे न केल्यामुळे चांगल्या दुर्बिणीला नावं ठेवणारे पुष्कळ.

धूळ हा इथला कायमचा पाहुणा. महागड्या कॉम्पॅक्ट दुर्बिणींत आत नायट्रोजन भरलेला असतो आणि सांधे रबरी कड्यांनी बंद असतात. पावसाळ्यात एसी गाडीतून दमट हवेत उतरलं तर बाहेरून वाफ धरते, आतून धरत नाही. स्पोर्टस्टारही जलरोधक आहे, हे तिचं मोठं बलस्थान. मात्र जुन्या धाटणीच्या, फोकस करताना नेत्रिका आतबाहेर सरकणाऱ्या दुर्बिणी प्रत्येक वेळी थोडी हवा आत ओढतात आणि तिच्याबरोबर माळावरची बारीक धूळही. भिंग पुसताना आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश, मग मायक्रोफायबर कापड. उपरण्याने किंवा शर्टाच्या टोकाने पुसलं की मुरमाचा कण कोटिंगवर रेघ ओढतो आणि ती जन्मभर राहते. दुरुस्तीचं आधीच माहीत असलेलं बरं: नायट्रोजन भरलेली दुर्बीण गल्लीतल्या कॅमेरा-दुरुस्तीवाल्याकडे उघडायची नसते. ती कंपनीच्या सेवाकेंद्राकडे जाते आणि युरोपीय कंपन्यांच्या बाबतीत परत यायला कितीतरी आठवडे लागू शकतात. म्हणून अधिकृत आयातदाराचं बिल आणि वॉरंटी कार्ड असल्याशिवाय पाऊण लाख देऊ नका. परदेशातून कुणी स्वस्तात आणून देतो म्हणाला, तर वॉरंटी भारतात चालेल का हे कंपनीला लेखी विचारा.

मधला रस्ता विचाराल तर झाइस टेरा ईडी पॉकेट ८×२५ आहे. ३१० ग्रॅम, ईडी काच, जलरोधक, १.९ मीटरपर्यंत जवळचं स्पष्ट दिसतं आणि देखाव्याची रुंदी ११९ मीटर, म्हणजे स्वारोव्स्कीच्या सीएल पॉकेटइतकीच. तिची किंमत व्हिक्टरीच्या निम्म्याहून कमी. उन्हासमोर ती व्हिक्टरीइतकी स्वच्छ राहत नाही, कडेला लवकर मऊ होते, बिजागऱ्या दोन आहेत. पण ज्याच्याकडे आधीच चांगली ८×४२ आहे आणि दुचाकीवर, शेतावर, कामाच्या बॅगेत कायम राहील अशी दुसरी हवी आहे, त्याला टेरावर थांबण्यात काही तोटा नाही. पावसाळ्यात तरवडावरची फुलपाखरं बघणाऱ्यांनी तर पेंटॅक्स पॅपिलिओ ६.५×२१ आधी पाहावी. अर्ध्या मीटरवरचं फुलपाखरू तिच्यात तळहातावर ठेवल्यासारखं दिसतं, पंखावरचे खवले वेगळे कळतात, आणि हे काम पाऊण लाखाची कुठलीच कॉम्पॅक्ट करत नाही. फक्त ती जलरोधक नाही, सर आली की पिशवीत.

व्हिक्टरी किंवा सीएल पॉकेट कुणी घ्यावी? मानेचं दुखणं आहे आणि सातशे ग्रॅम गळ्यात पेलवत नाहीत, चष्मा आहे, नोकरीनिमित्त सतत फिरणं आहे आणि मोठी दुर्बीण हटकून घरीच राहते, अशांनी जरूर घ्यावी. घरी कपाटात असलेल्या ८×४२पेक्षा खिशातली ८×२५ वर्षभरात कितीतरी जास्त पक्षी दाखवते. उजनीच्या पाणलोटाकडे निघालेल्या एसटीत, संभाजी तलावाच्या फेरीत, स्मृतीवनातल्या बाकावर ती हाताशी असते. ज्यांची एकच दुर्बीण असणार आहे आणि जे गाडीने माळावर जाऊन बसतात, त्यांनी घेऊ नये. त्यांनी ८×३० किंवा ८×३२ पाहावी. निकॉन मोनार्क एचजी ८×३० चं वजन ४५० ग्रॅम आणि रुंदी १४५ मीटर. ती जॅकेटच्या मोठ्या खिशात अजूनही मावते आणि सांजेचा भोवत्या खिशातल्या कुठल्याही दुर्बिणीपेक्षा उशिरापर्यंत दाखवते.

महागडी दुर्बीण हातात घेऊन बघायला बहुधा पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. जाल तेव्हा दुपारी जाऊ नका, संध्याकाळी पाचनंतर जा आणि दुकानदाराला दाराबाहेर रस्त्यावर नेऊन बघू द्यायची विनंती करा. दिव्याखाली सगळ्याच दुर्बिणी छान दिसतात. सोबत आपली जुनी दुर्बीण न्या, समोरच्या इमारतीच्या सावलीतल्या कोपऱ्यातली एखादी पाटी निवडा आणि उजेड जाईपर्यंत दोन्हींतून तीच वाचत राहा. जुनीतून अक्षरं लागेनाशी झाल्यावर नवीतून ती अजून किती मिनिटं वाचता येतात, हे घड्याळ लावून मोजा.